हातातला क्लच

देवसिंग आडे यांनी एकतीस वर्षं ट्रक चालवला. दिग्रसच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरायच्या, खाली तमिळनाडूतल्या सूतगिरण्यांपर्यंत पोचवायच्या आणि येताना मिळेल तो माल घेऊन यायचं. तीन वर्षांपूर्वी अशाच एका खेपेत गाठी उतरवताना वरच्या थरातली एक गाठ निसटली आणि त्यांच्या उजव्या पावलावर पडली. पाऊल वाचलं नाही. गुडघ्याखाली वीतभर पाय उरला, त्याला आता कृत्रिम पाय बांधावा लागतो. जड वाहनाचं लायसन गेलं, गाडी विकली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी हा माणूस दिग्रसजवळच्या तांड्यावर आपल्या घराच्या ओट्यावर बसून राहू लागला.

बसणं त्यांच्या अंगात नव्हतं. समोरच्या रोडवरून ट्रक गेला की आवाजावरूनच ते सांगत, याची क्लचप्लेट आता महिनाभर टिकत नाही. ऐकायला कोणी नसलं तरी सांगत. बायको बसंतीबाई सकाळी शेतात जाताना त्यांना ज्या खांबाशी पाहून जाई, दुपारी परत आल्यावरही ते त्याच खांबाशी असत.

मुलगी जया दिग्रसच्या सेतू केंद्रात कॉम्प्युटरवर काम करायची. जानेवारीतल्या एका रविवारी तिनं आपला जुना लॅपटॉप ओट्यावर आणून त्यांच्यासमोर ठेवला.

"बापू, हे पाहा. ट्रक चालवाचा गेम आहे."

देवसिंगांनी आधी नुसती मान हलवली. मग स्क्रीनवर ट्रकची केबिन आतून दिसली. डॅशबोर्ड, दोन्ही बाजूंचे आरसे, डिझेलचा काटा. ते पुढे वाकले.

"हवेचं मीटर बी आहे?"

"आहे ना. हवा भरल्याशिवाय ब्रेक सुटत नाही."

त्यांनी जयाला उठवलं आणि स्वतः बटणांवर बोटं ठेवली. ट्रक निघाला, पण चित्र अडखळत होतं. वळण यायचं आणि क्षणभर सगळं थिजायचं, तोवर ट्रक कठड्यावर गेलेला असायचा.

"गाडी अटकून राह्यली," ते म्हणाले.

"लॅपटॉपमधे तेवढा दम नाही बापू. याले गेमिंगचा कॉम्प्युटर लागते. त्याच्यासंगं स्टेअरिंग भेटते, पायडल भेटतेत, गेअरचा दांडा बी भेटते."

"क्लच?"

"क्लच बी."

देवसिंगांनी हातातला चहा संपवला. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कोणते कोणते पार्ट लागतेत, मले लिहून दे."

बसंतीबाई दारात तूर पाखडत होत्या. "साठीले आले अन् आता लेकरावानी खेळ खेळता काय?" त्या म्हणाल्या. पण दुपारी स्वयंपाकघरात त्या स्वतःच जयाला हळूच म्हणाल्या, "झोपीत त्यायचा डावा पाय हालते. क्लच दाबून राह्यले असतेत. तीन वर्सं झाले, मले रोज दिसते." थोडं थांबून त्यांनी जोडलं, "लिहून दे त्यायले काय लागते ते."

जयानं सुचवलं की तयार सेट घेऊ, दुकानातून आणला की लावला. देवसिंगांना ते पटलं नाही. त्यांनी आपली गाडीसुद्धा नुसती चेसिस घेऊन, बॉडी समोर उभं राहून बांधून घेतली होती. जे हातानं जुळवलेलं नाही ते बिघडलं की आपल्याला उघडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग पुढचा दीड महिना बापलेकीची शाळा भरली. जया कामावरून आली की मोबाइलवर एकेका पार्टचे व्हिडिओ लावायची आणि देवसिंग उशीला टेकून पाहायचे. प्रोसेसर काय करतो, ग्राफिक्स कार्ड काय करतं, मेमरी कशाला लागते, हे त्यांनी एकदा नाही, पाच-पाच वेळा विचारलं. एखादा माणूस व्हिडिओत फार गोड बोलू लागला की ते विचारत, "यानं सोताच्या पैशानं घेतलं, का कंपनीनं फुकट देल्लं म्हणून सांगून राह्यला?" जयाला सुरुवातीला हसू यायचं. नंतर तीही ते आधी तपासू लागली.

पहिला वाद प्रोसेसरवर झाला. जयाला सगळ्यात ताकदवान घ्यायचा होता.

"मोठं इंजिन टाकलं अन् मागचं डिफरन्शियल कमजोर राह्यलं, तं काय होते?" देवसिंगांनी विचारलं.

"डिफरन्शियल तुटते," जया म्हणाली. इंजिनची ताकद मागच्या चाकांना पोचवतं ते डिफरन्शियल, इतकं तिला घरात ऐकून ठाऊक होतं.

"मंग दोन्ही जोडीचे पाह्य. मधला प्रोसेसर घे, अन् उरते ते त्या कार्डात टाक. मले तीन स्क्रीन लागतेत."

"तीन कायले? एक मोठा घेऊ ना."

"एक समोर. दोन बाजूले, आरशासाठी. आरसा दिसत नसन तं मी गाडी काढत नाही."

एका कार्डावर तीन स्क्रीन चालवायच्या तर कार्ड खरंच मोठं लागत होतं. त्यासाठी जयानं यादीतून रंगीत दिव्यांचे पंखे खोडले, दिव्यांचा कीबोर्ड खोडला, महागडी खुर्चीही खोडली. देवसिंग म्हणाले, खुर्चीचं मी पाहतो. अपघातानंतर गाडी विकताना त्यांनी तिची ड्रायव्हर सीट काढून ठेवली होती. घेणाऱ्यानं विचारलं तेव्हा ती फाटकी आहे, एवढंच सांगितलं होतं. सीट फाटकी नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटी दोघं एसटीनं यवतमाळला गेले. जयानं शोधून ठेवलेलं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. देवसिंग कठड्याला धरून एकेक पायरी चढले. दुकानदार अक्षय पंचविशीतला, बोलायला चटपटीत. त्यानं काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुढचं सगळं तो जयाशी बोलू लागला.

"मॅडम, तुमच्या बजेटमधे मी असा पीस बनवून देतो की पाहणारा पाहतच राहील. हा काचेचा कॅबिनेट घ्या. आत लिक्विड कूलिंग टाकू, पाणी फिरतं, लाइट बदलत राहतात."

"पाणी कायले फिरते?" खुर्चीतून आवाज आला.

अक्षयनं वळून पाहिलं. "काका, प्रोसेसर थंड ठेवायला."

"म्हंजे रेडिएटर अन् होज पाइप."

"हो, तसंच काहीसं."

"माह्या गाडीचा होज पुसदच्या घाटात दोनदा फुटला होता. तवा संगं कॅनमधे पाणी होतं, खाली उतराले पाय होते. आता घरात फुटला तं मी काय करू? मले हवेवर चालणारं दाखव. मोठ्या पंख्याचं."

अक्षयनं दाखवलं. दोन पंखे लावलेला, विटेएवढा अॅल्युमिनियमचा कूलर. देवसिंगांनी त्याच्या पत्र्यांमधली फट पाहिली, बोट आत जात नाही याची खात्री केली आणि बाजूला ठेवला. हा घेणार, असा त्याचा अर्थ होता.

काचेच्या कॅबिनेटला मात्र त्यांनी हातही लावला नाही. "आमच्या घरापासून जिनिंग शंभर पावलावर आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत हवेत रुई उडते. याच्यात हवा कुठून घुसते? अन् घुसली तं जाळी कुठं आहे?"

"खाली एक लहान जाळी आहे, काका."

"समोर पूर्ण जाळीचा असते, तो दाखव. जाळी निघाली पाह्यजे. धुता आली पाह्यजे."

असा एक कॅबिनेट वरच्या फळीवर होता. काळा, साधा, पुढून चाळणीसारखा. बरेच दिवस कोणी मागितला नसावा. अक्षयला आधी तो पुसावा लागला.

ग्राफिक्स कार्डाची वेळ आली तेव्हा अक्षयनं यादी पाहिली, ओठ आवळले आणि आतून एक खोकं आणलं. "हे पाहा. तुम्ही लिहिलंय त्याच्या वरचं मॉडेल आहे. फक्त सहा महिने वापरलेलं. एका पोराला पैशाची गरज होती म्हणून विकून गेला. नव्या लहान कार्डाच्या भावात पडेल."

जयाचे डोळे चमकले. देवसिंगांनी हात पुढे केला. कार्ड मांडीवर घेतलं, चष्मा चढवला आणि पहिल्या पंख्याला बोटानं हलकेच फिरवून कान जवळ नेला. मग दुसरा. तिसऱ्या पंख्याशी त्यांनी तेच दोनदा केलं. पंख्याचं पातं वर-खाली हलवून पाहिलं.

"भाऊ, सहा महिन्याचं बेअरिंग असं नसते. याले प्ले आहे, ढिलं झालं. हे रातंदिवस पळालेलं आहे. दोन-तीन वर्सं तरी."

जया कधी बापाकडे, कधी कार्डाकडे पाहत होती.

"तुले ठाऊक होतं काय?" देवसिंगांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"नाही काका. त्यानं सांगितलं ते मी खरं धरलं." अक्षयनं कार्ड परत घेतलं, स्वतः पंखा फिरवून कान लावला. त्याचा चेहरा उतरला. "मी तपासायला पाहिजे होतं."

"तपासत जा. नवं काढ."

त्यानंतर अक्षय खुर्ची ओढून देवसिंगांसमोर बसला. एकेक वस्तू आणून त्यांच्या हातात देऊ लागला आणि काय आहे, कशी बसते ते सांगू लागला. मदरबोर्ड, मेमरीच्या दोन पट्ट्या, डिस्क. तांड्यावर व्होल्टेज खालीवर होतं म्हणून एक यूपीएस. सगळं जमत आलं होतं. शेवटी पॉवर सप्लाय राहिला.

देवसिंगांनी तो हातात घेऊन तोलला. मग दुकानातल्या दुसऱ्या एका कॉम्प्युटरमधला मागून घेतला आणि दुसऱ्या हातात धरला. "तू देल्ला हा हलका आहे."

"काका, यादीतला संपलाय. नागपूरवरून यायला दहा-पंधरा दिवस लागतील. हा लावा, चालून जाते."

"चालून जाते म्हणणाऱ्या मिस्त्रीकडं मी कवाच गाडी टाकली नाही."

"बापू," जया हळू आवाजात म्हणाली, "बाकी सगळं भेटलं. एका डब्यासाठी पंधरा दिवस कायले थांबाचं?"

"सगळ्याले करंट हाच डबा देते. हा जळला तं याच्यामांगं सगळं जळन." देवसिंगांनी तो अक्षयच्या टेबलावर ठेवला. "मी तीन वर्सं थांबलो. पंधरा दिवसानं काय होते? मागव तू."

परतीच्या एसटीत मांडीवर एक खोकं आणि पायाशी दोन, असे ते बसले. कंडक्टरनं काय आहे विचारलं तर "स्पेअर पार्ट" म्हणाले.

ते पंधरा दिवस रिकामे गेले नाहीत. तिन्ही स्क्रीन आणि स्टेअरिंगचा सेट कुरिअरनं घरी आला होता, सेटमध्ये तीन पायडल होती. डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे अॅक्सिलरेटर. देवसिंग ओट्यावर आणलेल्या ड्रायव्हर सीटवर बसले, पायडल पुढे ठेवली आणि कृत्रिम पाय अॅक्सिलरेटरवर टेकवला. पाय दाबला गेला, पण किती दाबला गेला ते त्यांना कळेना. त्या रबरी पावलाला काही जाणवत नाही. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना सांगता येईना, की पाय पायडलवर आहे की शेजारी.

"क्लच बंद करून टाकू," जया म्हणाली. "गेममधे ऑटोमॅटिक गेअर करता येते. डाव्या पायानं दोनच पायडल चालवा."

"नाही."

"बापू, तिथं कोणाले दिसते?"

"मले दिसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी घेऊन ते शामच्या वेल्डिंगच्या दुकानात गेले. शाम तांड्याच्या तोंडाशी शेतातली औजारं आणि घरांची फाटकं बनवायचा. देवसिंगांनी पिशवीतून तिन्ही पायडल आणि गेअरचा दांडा काढून त्याच्यासमोर ठेवला.

"डावा पाय ब्रेक अन् अॅक्सिलरेटर पाहीन. क्लच हातात पाह्यजे. या दांड्यावरच. ज्या हातानं गेअर टाकतो त्याच हातानं क्लच दाबला गेला पाह्यजे."

शामनं डोकं खाजवलं. "मोटरसायकलचा क्लच हातातच असते, काका."

"त्याच्यासाठीच तं आलो."

जुन्या मोटरसायकलची मूठ, तिची क्लचची दांडी आणि केबल असं भंगारातून निघालं. शामनं गेअरच्या दांड्याला पट्टी जोडून वर मूठ बसवली, केबल खाली पायडलपर्यंत नेली आणि पायडलच्या टोकाला बांधली. दांडी दाबली तर पायडल अर्धंच खाली गेलं. केबलची ओढ पुरत नव्हती. शाम म्हणाला, यापेक्षा जास्त होत नाही. देवसिंग पायडलकडे बराच वेळ पाहत राहिले. मग वाकून त्यांनी केबलचं टोक सोडलं आणि पायडलच्या बुडाशी, बिजागरीच्या जवळ धरलं. "इथं भोक पाड."

"इथं ओढाले जड जाईन."

"जाऊ दे. हात मजबूत आहे."

शामनं भोक पाडलं. आता दांडी जड झाली, पण पायडल पार तळापर्यंत गेलं. देवसिंगांनी ती तीस-चाळीस वेळा दाबली, सोडली. पुढे कुठे पकड येते ते शोधत राहिले. शामनं पैसे घेतले नाहीत. चालू झालं की पहिल्यांदा मला बसवा, म्हणाला.

पॉवर सप्लाय घेऊन अक्षय स्वतःच आला. त्याला दिग्रसला एका शाळेत काम होतं, तिथून तो मोटरसायकलवर तांड्यावर आला. डबा देवसिंगांच्या हातात दिला आणि म्हणाला, "तोलून घ्या, काका." देवसिंगांनी खरंच तोलला. अक्षय जोडणी करून द्यायला तयार होता. त्यांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

पुढच्या रविवारी सकाळी खाटेवर धुतलेली चादर अंथरली आणि बापलेक कामाला लागले. जया पुस्तिका वाचायची, देवसिंग बसवायचे. ट्रकच्या नटबोल्टांना सरावलेली त्यांची जाड बोटं त्या बारीक स्क्रूंपुढे अडखळत होती, पण त्यांना घाई नव्हती. प्रोसेसर त्यांनी श्वास रोखून जागेवर बसवला. कूलर बसवताना चारही कोपरे सारखे, थोडे थोडे आवळले. बाहेर जिनिंगची मशीन धडधडत होती, त्या आवाजात एकमेकांचं बोलणंही दोनदा विचारावं लागत होतं. दुपारी बारा वाजता शेवटची वायर लागली.

जयानं बटण दाबलं. पंखे फिरले. तिन्ही स्क्रीन काळ्याच राहिल्या.

पुन्हा बंद, पुन्हा चालू. तेच. जयानं स्क्रीनच्या वायरी बदलून पाहिल्या, मेमरीची जागा बदलून पाहिली. दोन वाजेपर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "बोर्ड गेला वाटते. मीच काहीतरी चुकली असन."

तिनं अक्षयला फोन लावला. तो म्हणाला, उद्या येऊन पाहतो. देवसिंगांनी फोन आपल्याकडे घेतला. "तू नको येऊ. गाडी रस्त्यात उभी राह्यली तं आम्ही मिस्त्रीले बोलावत नव्हतो. आधी खोलत होतो."

पण फोन ठेवल्यावर ते भिंतीला टेकून बसले. आपण हे सगळं कशाच्या भरवशावर केलं, असं त्यांच्या मनात आलंच. ट्रक वेगळा, हे वेगळं. बसंतीबाई शेतातून आल्या, काळ्या स्क्रीनकडे त्यांनी एकदा पाहिलं. टोमणा येणार म्हणून जयानं मान खाली घातली. बसंतीबाईंनी भाकरी आणि वांग्याची भाजी वाढून दोघांसमोर ठेवली आणि म्हणाल्या, "आधी जेवा. भरल्या पोटी पाहा."

जेवण झाल्यावर देवसिंगांनी सगळं उलट क्रमानं काढलं. एक वस्तू काढायची, तिची जागा पाहायची, पुसायची, परत लावायची. चार वाजता जिनिंगची मशीन बंद झाली. आजूबाजूला शांत झालं. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरला करंट देणारी वायर ते पुन्हा बसवत होते. त्यांनी ती दाबली आणि अगदी बारीक टक् असा आवाज आला.

ते थांबले. "सकाळी हा आवाज आला होता काय?"

जयानं आठवून पाहिलं. "मशीनच्या आवाजात मले काही ऐकूच आलं नाही."

"मले बी. वायर दिसाले बसली होती, पण अटकली नव्हती. बटण दाब."

मधल्या स्क्रीनवर आधी कंपनीचं नाव आलं, मग पांढरी अक्षरं. जयानं तोंडावर हात दाबून धरला. देवसिंगांनी हातातला स्क्रूड्रायव्हर पुसून डब्यात ठेवला.

सगळ्यात अवघड काम त्यानंतरच होतं, याची कोणालाच कल्पना नव्हती.

पहिल्या दिवशी देवसिंग ड्रायव्हर सीटवर बसले, हातानं क्लच दाबला, पहिला गेअर टाकला आणि ट्रक सफाईनं निघाला. दुसरा, तिसरा, चौथा. तीन स्क्रीनवर रस्ता पसरला होता, आरशात मागची ट्रॉली दिसत होती. चित्र कुठे अडखळत नव्हतं. पुढे एक लाल दिवा लागला. देवसिंगांनी ब्रेक दाबला.

ट्रक थांबला नाही. सिग्नल तोडून समोरच्या गाडीवर आदळला.

त्यांनी खाली पाहिलं. डावा पाय अॅक्सिलरेटरवर होता. ब्रेक त्यांनी उजव्या पायानं दाबला होता, त्या पावलानं, जे तीन वर्षांपासून नव्हतं. दाबल्याचं त्यांना जाणवलंही होतं. टाच, अंगठा, सगळं.

"बापू?"

"काही नाही," ते म्हणाले. "पुन्यांदा लाव."

त्या दिवशी त्यांनी सात वेळा ट्रक ठोकला. दुसऱ्या दिवशी पाच वेळा. त्यात गेममधल्या देशातली वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायची. इंग्लंडचे रस्ते घेतले तर आपल्यासारखे डावीकडून असतात, असं जयानं सांगून पाहिलं. ते म्हणाले, ज्या मुलखात गाडी न्यायची त्या मुलखाच्या नियमानं चालवायची. पण रस्त्याची बाजू दोन दिवसांत अंगवळणी पडली. नसलेला पाय मात्र विसरता येईना. अचानक काही समोर आलं की एकतीस वर्षांची सवय तिथेच धावायची.

मग त्यांनी गेम बंद ठेवला आणि नुसत्या पायडलवर बसू लागले. बसंतीबाई घरात असल्या की त्यांना म्हणायचे, "काम करता करता मधेच 'थांबा' म्हण." त्या भांडी घासता घासता, पीठ मळता मळता एकदम म्हणायच्या, "थांबा," आणि देवसिंग डावा पाय अॅक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर आणायचे. पहिल्यांदा दहातून तीनदा जमायचं. बसंतीबाई हळूहळू चतुर झाल्या. बराच वेळ गप्प राहायच्या, तांड्यातल्या कोणाच्या लग्नाचं बोलायच्या, आणि वाक्याच्या मधोमध "थांबा" म्हणायच्या. आठवडा गेला, दुसरा गेला. देवसिंगांची पोटरी दुखून यायची. तरी ते सकाळी उठले की चहाच्या आधी सीटवर.

होळीनंतरच्या एका सोमवारी बसंतीबाई दळण घेऊन आत येत होत्या. उंबऱ्यात त्यांचा पाय अडला आणि डबा हातातून सुटला. "अगं माय," एवढंच त्यांच्या तोंडून गेलं. सीटवर बसलेल्या देवसिंगांचा डावा पाय ब्रेकवर तळापर्यंत गेलेला होता. थांबा कोणी म्हटलंच नव्हतं. दोघांनी एकदमच त्या पायाकडे पाहिलं.

"आता लावा तुमची गाडी," पीठ गोळा करत बसंतीबाई म्हणाल्या.

देवसिंगांनी लांबची खेप घेतली. यंत्रांचे सुटे भाग भरून एका बंदरापासून डोंगरापलीकडच्या शहरापर्यंत. लाल दिवा आला, ट्रक थांबला. पुढे एक गाडी इशारा न देता आडवी आली, ट्रक थांबला. उजव्या मांडीत एक कळ उठली, पण ब्रेक दाबला तो डाव्या पायानंच. एक ओरखडाही न येता माल उतरला तेव्हा त्यांनी स्टेअरिंगवरून हात काढले आणि बनियनला पुसले.

संध्याकाळी कामावरून आल्यावर जयानं विचारलं, "किती वेळा ठोकला?"

"कायले ठोकीन?" देवसिंग म्हणाले, जणू आजवर कधी ठोकलाच नव्हता.

शाम येऊन बसून गेला. त्याला तो हातातला क्लच काही जमला नाही, दर गेअरला ट्रक बंद पडायचा. देवसिंग त्याच्या मागे उभे राहून त्याला पकड कुठे येते ते सांगत राहिले. अक्षयनं फोन करून क्लचच्या दांडीचे फोटो मागवले. मुकुटबनच्या एका गिऱ्हाइकाचे दोन्ही पाय अधू आहेत, त्याला तिन्ही पायडल हातात पाहिजेत, असं त्याचं म्हणणं होतं. फोटोवरून होत नाही, देवसिंग म्हणाले. त्या माणसाला इकडे पाठव, त्याच्या हाताची ताकद पाहावी लागेल, त्याचं बसणं पाहावं लागेल. मग शामला घेऊन पाहतो.

एप्रिल निम्मा सरला. ऊन वाढलं, तरी पुढच्या जाळीतून हवा खेळती होती आणि कॉम्प्युटर तापत नव्हता. एका दुपारी देवसिंग डोंगरातल्या रस्त्यानं निघाले होते. बसंतीबाईंचं शेतातलं काम संपलं होतं. त्या पदरानं वारा घेत आल्या, प्लास्टिकची खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण चालत्या ट्रकमध्ये त्या नवऱ्याशेजारी कधी बसल्या नव्हत्या.

"हे कोणतं गाव आलं?" त्यांनी विचारलं.

"नाव वाचता येत नाही. लिपीच वेगळी आहे."

"मंग कसं समजते कुठं जाचं ते?"

"पाटीवरचा बाण समजते."

त्या काही वेळ पाहत राहिल्या. बाहेर देवदारासारखी झाडं होती, दरी होती, खाली नदी. "अन् थंड आहे काय तिथं?"

"असन. काचीवर दव येऊन राह्यलं."

बसंतीबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि स्वतःशीच हसल्या. "जेवाले कुठं थांबता?"

"हा घाट उतरला की. घाटात गाडी उभी करत नसतेत."

समोर उतार आणि पाठोपाठ वळण दिसत होतं. देवसिंगांनी दांडी दाबली, चौथ्यातून तिसऱ्यात घेतलं आणि ट्रक उताराला लावला.